मशीन का दमतं

३ ऑक्टोबर २००६, मंगळवार

हळद वाळली नाही तोच मशीन रुसलं!

काल दसरा. यंदा हळवं भात वेळेवर पिकलं, म्हणून नवंही – नव्या धान्याची पूजा – कालच केलं. विळे, कोयता, नांगर, आईचं उखळ-मुसळ, माझी बायको पुष्पलता हिचं शिलाईचं मशीन – सगळ्यांना झेंडू आणि नव्या भाताचे चार-चार दाणे. शाळेची घंटा काही घरी आणता येत नाही, म्हणून माझ्या वतीने छत्री! कॉम्प्युटरचा मान पहिल्यांदाच. पुष्पलताने त्याला हळद-कुंकू लावलं. आई मात्र बराच वेळ त्याच्यासमोर बसून होती. पडद्यावर माझ्या भावाचा, गोकुळचा फोटो होता.

आमच्याकडे देवाला, बैलाला आणि अवजाराला नवं धान्य फोलपटासकट ठेवतात. पितरांना मात्र कांडून, पाखडून, स्वच्छ करून. लहानपणी मी आईला कारण विचारलं होतं. म्हणाली, ‘मेल्या मानसाला मुसळ उचलवत नाय, बाबा.’ शाळेत मी मुलांना पुष्कळ गोष्टींची कारणं सांगतो. इतकं पटणारं एखादंच.

आज सकाळी पत्रक लिहायला बसलो. एक ओळ टाइप केली आणि वाळूचं घड्याळ आलं. चहा झाला, अंघोळ झाली, शाळेला निघालो – घड्याळ तिथेच!

पुष्पलता म्हणते, ‘कुंकू लावलं ना, लाजतंय.’

५ ऑक्टोबर

आज इतकं झालं:

‘आपण यांना पाहिलंत का? गोकुळ, राहणार जामसर, तालुका जव्हार. रंग सावळा, उजव्या भुवईवर जुनी खूण. भिवंडीकडे रेतीच्या बोटीवर कामाला गेले ते परत आले नाहीत.’

पुढे ‘घरी आई व पत्नी वाट पाहत आहेत’ असं लिहायचं होतं. ‘आई’पर्यंत आलो आणि अडकलं.

सहा वर्षं झाली. बाकीची टोळी शिमग्याला घरी आली, माझा धाकटा भाऊ तेवढा आला नाही. कुणी म्हणालं गुजरातेत गेला, कुणी म्हणालं दुसऱ्या मुकादमाबरोबर गेला. मुकादम म्हणाला, ‘मला सांगून गेला का?’ पोलिसांत झालं, देवाला झालं, भगताला झालं. दर वर्षी दिवाळीनंतर माणसं कामाला खाली उतरतात तेव्हा मी त्यांच्याजवळ पत्रकं देतो. आजवर झेरॉक्सवर काढायचो. चेहऱ्याच्या जागी काळा डाग यायचा. असा डाग कुणी ओळखावा कसा?

म्हणून पंकजने – माझा मुलगा, नाशिकला नोकरीला आहे – आषाढात त्याच्या ऑफिसातलं जुनं मशीन जीपच्या टपावर बांधून आणलं. गोकुळचा लग्नातला फोटो तिकडेच स्कॅन करून त्यात घालून दिला. बरं झालं. इथली मूळ प्रत यंदाच्या ओलीने काचेला चिकटली, सोडवायला गेलो तर चेहराच निघून आला. आता भाऊ आहे तो या डब्यातच.

कार्तिकी पौर्णिमेला टोळ्या निघतील. तोवर पत्रक व्हायला हवं.

८ ऑक्टोबर, रविवार

पंकजचा फोन. ‘बाबा, हार्ड डिस्कवर कचरा साचला असेल. टेम्पररी फायली उडवा.’

टेम्पररी म्हणजे कामापुरत्या. मशीन काम करताना त्या तयार करतं आणि नंतर टाकायला विसरतं. शोधल्या तर किती निघाल्या! गेलं वर्षभर कुणीतरी नाशिकला काय-काय पाहिलं त्याच्या खुणा. एकेक उडवताना वाटलं, आपल्या डोक्यातही असंच असणार. संध्याकाळी देवापुढे बसलो की काय-काय वर येतं!

सगळा कचरा गेला. मशीन होतं तसंच.

११ ऑक्टोबर

डीफ्रॅग नावाचा प्रकार केला. फारच आवडला.

फायली म्हणे अखंड राहत नाहीत. जागा मिळेल तिथे तुकडे पडतात. एका पत्राचा एक तुकडा इथे, दुसरा पार तिकडे. वाचताना मशीनला दारोदार हिंडावं लागतं. डीफ्रॅग ते तुकडे शोधून शेजारी-शेजारी आणून ठेवतं. पडद्यावर तांबड्या-निळ्या पट्ट्या हलताना दिसतात. मी शेंगा सोलत बसलो आणि बघत राहिलो. आई पण येऊन बसली.

‘काय करतंय तां?’

म्हटलं, ‘विखुरलेलं गोळा करतंय.’

‘सगळा गावतंय?’

‘जे डब्यात आहे ते सगळं सापडतं.’

‘आन् डब्यात नाय तां?’

तेवढ्यात लाइट गेली. तीही उठून गेली.

१२ ऑक्टोबर

डीफ्रॅग पुन्हा पहिल्यापासून केलं. पूर्ण झालं. पट्ट्या एकसारख्या निळ्या, लावणी केलेल्या खाचरासारख्या. वेग? शून्य!

१५ ऑक्टोबर, रविवार

जव्हारला कमलेशच्या कॉम्प्युटर क्लासवर गेलो. मशीन नेलं नाही, नुसतं दुखणं सांगितलं. त्याने मान वर न करताच सांगून टाकलं, ‘फॉरमॅट मारू, गुरुजी. सगळं साफ. कोरं करकरीत.’

‘आतलं?’

‘आतलं जाणार. कोरं म्हणजे कोरंच.’

‘आत माझा भाऊ आहे.’

त्याने मान वर केली. मग चहा मागवला.

परतताना दाभोशाची जीप मिळाली – सावळ्याची. हा माणूस मला आवडतो. जीपमध्ये बायाबापड्यांना आधी बसवतो, पुरुषांना टपावर चढवतो. बायको वारून तीन-चार वर्षं झाली असतील. आज मला पुढे बसवलं. उतरताना म्हणाला, ‘वहिनींस्नी विचारलंत का काय, गुरुजी?’

पुष्पलताला विचारलं. तेव्हा कळलं. सावळ्याने चंदासाठी शब्द टाकला आहे, तोही भाद्रपदातच! चंदा म्हणजे गोकुळची बायको. मी थोरला दीर, ती माझ्याशी थेट बोलत नाही. समोर आली की पदर पुढे ओढते आणि भिंतीकडे बघते. पुष्पलतापाशी म्हणाली म्हणे, ‘आत्यांच्या तोंडून येऊ दे. त्याबिगर मी उंबरा ओलांडायची नाय.’

आमच्यात पाट लावायला, म्हणजे बाईचं दुसरं लग्न करायला, कुणाची ना नसते. पण आईने म्हणायला हवं की मुलगा गेला. गेल्या वर्षी एकाने नुसतं सुचवलं तर आईने त्याला पाण्याचा तांब्याही न देता घालवलं – ‘माझा पोऱ्या जिता हाय!’

‘आणि यंदा?’ मी विचारलं.

‘यंदा काहीच नाही. ऐकलं, उठल्या आणि गोठ्यात गेल्या.’

रागावली असणार.

१६ ऑक्टोबर

माझं मला कळत नाही मला काय हवंय. पत्रक नीट छापून भाऊ सापडावा हे तर रोज मागतो. चंदा भिंतीकडे बघत म्हातारी होऊ नये हेही त्याच देवाकडे मागतो. दोन्ही मागण्या एकाच निरांजनासमोर! तो तरी काय करील?

१८ ऑक्टोबर

पंकज म्हणतो, ‘बाबा, डेस्कटॉपवर एवढा मोठा फोटो ठेवलाय, तो आधी काढा. त्यानेच जड झालंय.’

काढला. त्या जागी मशीनमधलीच हिरवी टेकडी आली. निळं आभाळ, एकही झाड नाही, एकही जनावर नाही. कुठला देश कोण जाणे.

सकाळी आई आली, पडद्याकडे पाहिलं. ‘कुठं घातलास त्याला?’

‘आत आहे, आई.’

‘भायेर काढ.’

काढला. हिरव्या टेकडीनेही वेग काडीभर वाढला नव्हता, त्यामुळे वाईट वाटलं नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

सगळी कामं बाजूला. आज फक्त नमस्कार.

२४ ऑक्टोबर

सुट्टी आहे म्हणून दिवसभर नीट पाहिलं. नीट पाहिलं की कळतं!

मशीन नेहमीच हळू नसतं. सकाळी पूजेनंतर पहिल्यांदा लावलं की चांगलं चालतं, भराभर अक्षरं उमटतात. मग जड होतं. मग अजून जड. बंद करून ठेवलं आणि वैरण घालून आलो, तर पुन्हा थोडा वेळ बरं. आतला कचरा किंवा फोटो हे कारण असतं तर सकाळीही अडायला हवं होतं. कचरा सकाळी कुठे जातो? म्हणजे हे कारण नव्हेच. हे दमणं आहे. चढावर बैल दमतो, उभा केला की श्वास घेतो, तसं.

पण बसल्या जागी ते कशाने दमतं?

२५ ऑक्टोबर

हात लावून पाहिला. आमच्या टेबलावर जागा नाही म्हणून डबा आडवा ठेवलाय, त्याच्यावर पडदा. डब्याची बाजू ताप आलेल्या मुलाच्या कपाळासारखी! मघाशी लावलं तेव्हा थंड होती.

पंकजला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, ‘बाबा, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही! आत प्रोसेसर आहे, त्याच्यावर पंखा असतो. तो नीट फिरत नसेल तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःच हळू होतो.’

‘स्वतः?’

‘हो, जळू नये म्हणून. तशी सोयच केलेली असते त्यात.’

फोन ठेवल्यावर किती तरी वेळ हेच घोळत राहिलं. हळू होणं म्हणजे बिघाड असं मी धरून चाललो होतो. ते तर स्वतःला सांभाळत होतं.

२६ ऑक्टोबर

उघडलं! वायर काढून, हात जोडून, पेचकसाने. पुष्पलता दारात उभी. ‘अहो, परत बसवता येईल ना?’

आत पंख्याच्या पात्यांमध्ये आणि खालच्या पत्र्यांच्या फटींत काय असावं? तांदूळ! पांढरे, टपोरे दाणे. दोन-तीन पात्यांत असे रुतलेले की पंखा हलायलाच तयार नाही. बाकीचे खाली सांडलेले.

डब्याला पुढच्या बाजूने एक झाकण नाही, आला तेव्हापासूनच नाही. तिथे चौकोनी भोक आहे, देवळीसारखं. तिथूनच शिरला असणार – उंदीर! कापणीच्या दिवसांत उंदीर कुठेही कोठार करतात. फोलपटं सोलून स्वच्छ दाणे साठवणारा उंदीर मी पहिल्यांदाच पाहिला. मोठा टापटिपीचा!

चिमट्याने एकेक दाणा काढून वाटीत ठेवला. जुन्या ब्रशने धूळ काढली. डबा बंद केला, मशीन लावलं. पंखा गुणगुणला.

गोकुळचा फोटो पापणी लवायच्या आत समोर आला. इतक्या पटकन की दचकलोच. भुवईवरची खूण, लग्नातला फेटा, ओठ थोडे उघडे – काहीतरी सांगता-सांगता फोटो काढला असावा.

पत्रक एका बैठकीत पूर्ण झालं.

२८ ऑक्टोबर

फोटो लहान करून फ्लॉपीवर घेतला, जव्हारला छापून आणला. काय चेहरा आलाय! पारू आजी रस्त्यात भेटली, तिने पत्रक हातात घेतलं आणि म्हणाली, ‘आरं, हा तं बोलंल आता!’

आता नक्की कुणीतरी ओळखेल.

उंदरासाठी टेबलाखाली सापळा लावला.

३० ऑक्टोबर

सापळा रिकामा. भाकरीचा तुकडा वाळून गेला.

आई सापळ्याकडे बघत होती. ‘उंदरानं काय केला तुजां?’

म्हटलं, ‘मशीनमध्ये तांदूळ भरले.’

आई हसली नाही. तिने सापळ्याचं दार आपल्या हाताने बंद केलं. ‘काढ तो. उंदीर नव्हं. मी ठेवलं व्हतं. दसऱ्याला.’

मला हसूच आलं. अवजारांबरोबर कॉम्प्युटरलाही नवं! आणि भोक दिसलं म्हणून तोंडातच भरवलं! म्हटलं, ‘आई, त्याला असं खायला घालायचं नसतं, नुसतं वर ठेवायचं.’

‘मला काय ठावं,’ म्हणाली.

पंकजला सांगितलं तर तो इतका हसला की फोनमध्ये खोकला लागला. ऑफिसात सगळ्यांना सांगणार म्हणे – आमच्या आजीने मशीनला जेवायला घातलं!

२ नोव्हेंबर, गुरुवार

एकादशी. उपास.

संध्याकाळी पुष्पलता कपाटावरचं आवरत होती. ती तांदळाची वाटी तिथेच राहिली होती. चंदा खाली केर काढत होती. पुष्पलताने वाटी तिच्या हातात दिली, ‘कोंबड्यांना टाक गं. मशीनमधले आहेत. आत्यांनी दसऱ्याला घातले होते.’

चंदाने वाटीत पाहिलं. एक दाणा बोटांत धरून उजेडाकडे नेला. मग वाटी तशीच जमिनीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

‘काय झालं?’ पुष्पलता म्हणाली.

चंदाने माझ्याकडे पाहिलं. थेट. पदर पुढे न ओढता. या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली – ‘दादा, हे कांडलेलं हाय.’

३ नोव्हेंबर

काल पुढे लिहवलं नाही.

विळ्याला, नांगराला, शिलाईच्या मशीनला आईने फोलपटासकट भात ठेवलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. शिलाईच्या मशीनच्या खणात ते अजून आहे. आज उघडून बघितलं. पिवळं भात. कॉम्प्युटरला मात्र कांडून, पाखडून, स्वच्छ.

ते कॉम्प्युटरला नव्हतंच.

एवढं साधं! पितरांचा नेम मी स्वतःच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे लिहून ठेवला आहे. वेग का कमी झाला याची इतकी कारणं शोधली, आणि हातात तांदूळ आला तेव्हा उंदीर शोधत बसलो.

आईला अजून काही विचारलेलं नाही. ती अंगणात वाल निवडत होती. मी शेजारी बसलो आणि निवडू लागलो. मग तीच बोलली.

‘पावसात सपनात आलता. भिजलेला. भूक लागली म्हनला. कोन कांडून देल त्याला तठं?’

‘मग पितरांच्या कोपऱ्यात का नाही ठेवलंस, आई?’

‘तठं चंदानं बघितला असता.’

मशीनमध्ये त्याचं तोंड दिसत होतं, म्हणून तिथे दिलं – इतकंच ती म्हणाली. चंदाला कुणी सांगायचं, हे दोघांनाही सुचत नव्हतं. आणि चंदा तर चुलीपाशी होती, तिला आधीच कळलेलं.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा

सकाळी नाक्यावर ट्रक उभे. बिछाने, भांडी, कोंबड्या, पोरं. मी पत्रकांची पिशवी घेऊन गेलो. बुधीचा नवरा दर वर्षी पत्रकं नेतो, त्याने हात पुढे केला – ‘द्या गुरुजी, औंदा फोटो झ्याक निघालाय म्हनं.’

मी पिशवीत हात घातला. म्हटलं, ‘यंदा राहू दे.’

त्याने टोपी काढली.

६ नोव्हेंबर

पहाटे मुसळाच्या आवाजाने उठलो. आईने उखळात नवं भात घातलं होतं. मुसळ चंदाच्या हातात. आई पाखडत होती. दाणे स्वच्छ झाल्यावर आईने ते चंदाच्या ओंजळीत दिले, आणि चंदाने पितरांच्या कोपऱ्यात ठेवले.

मग आई मला म्हणाली, ‘सावळ्याची जीप येल तवां थांबव.’